झाकणाखालचं लाल

सेव्हेरिन लासोता चिखल रंगवतो, असं आमच्या ओल्शांका गावात सगळे म्हणायचे. ओढ्यापलीकडच्या गिरणीवाल्याचा हा धाकटा मुलगा. क्राकुवला चित्रकला शिकला, पुढे म्युनिकला जाऊन आणखी शिकला, आणि तिशी ओलांडल्यावर खोकला घेऊन बापाच्या गिरणीत परत राहायला आला. शहरातले लोक म्हणे खेड्यातल्या लग्नांची चित्रं विकत घेतात. मोरपिसं खोवलेल्या टोप्या, उधळलेले घोडे, गिरक्या घेणाऱ्या पोरी. सेव्हेरिन ते काढायचा नाही. तो काढायचा बटाटे वेचणाऱ्या बायकांच्या पाठी, पावसात रुतलेली गाडी, उंबऱ्यावर बसून पाय धुणारा म्हातारा.

माझ्या सासूबाई, कुनेगुंदाबाई, त्याच्या आईच्या मैत्रीण. त्या त्याला तोंडावर सुनवायच्या.

"अरे सेव्हेरिन, चिखल बघायला पैसे कोण देणार? दार उघडलं की फुकट दिसतो."

"फुकट दिसतो म्हणूनच कुणी बघत नाही, मावशी."

"आणि तुझा खोकला? तोही काढ एकदा. तोही फुकटच ऐकतो आम्ही."

तो हसायचा, आणि हसला की खोकायचा.

त्याचा एक नियम होता. चित्र पुरं झालं की क्राकुवला पाठवण्याआधी एका रविवारी, देवळातल्या मिस्सेनंतर, चित्रातल्या सगळ्या माणसांना तो गिरणीच्या माळ्यावर बोलवायचा. चित्र समोर ठेवायचा, हातात ओला कुंचला घेऊन बाजूला उभा राहायचा, आणि म्हणायचा, "चुकलंय ते सांगा." लोक सांगायचे. गाडीचा आस असा नसतो, आमच्या बैलाचं डावं शिंग मोडकं आहे. तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. पण विचारायचा एकच प्रश्न: "तसं होतं, की नव्हतं?" कसं असायला हवं, हे त्यानं कधी विचारलं नाही. एकदा एका बाईनं आपल्या झग्याचं ठिगळ काढून टाकायला सांगितलं. "होतं की नव्हतं?" म्हणाला. बाई म्हणाली, होतं. ठिगळ राहिलं.

मी सांगते आहे त्या शरदात माझा नवरा सम्राटाच्या फौजेबरोबर दूर बोस्नियात होता. घरात आम्ही चौघी. सासूबाई, मी, माझी तीन वर्षांची रोझाल्का, आणि विक्टा. विक्टा पन्नाशीची विधवा. तिला ना जमीन ना मूलबाळ. आमच्या घरी राबायची, चुलीमागच्या कोपऱ्यात झोपायची. तिला चार दात उरले होते आणि जिभेला हाड नव्हतं. रोझाल्काला माझ्याहून तीच जास्त आवडायची.

आणि घरात पोवळी होती. खरी, वाटाण्याएवढी, तीन पदरी माळ. सासूबाईंच्या आईची, मग सासूबाईंची. लग्नात त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली, पण घालायची कधी आणि काढायची कधी ते त्याच ठरवायच्या. रविवारी घालायची. उपासाच्या दिवसांत नाही, सुतकात नाही. मिस्सा चालू असताना रोझाल्का माझ्या मांडीवर बसून ती मुठीत धरायची आणि तशीच झोपून जायची. लॅटिन प्रार्थना तिला अंगाईसारख्या वाटत असाव्यात.

ऑक्टोबर सरता सरता तिला घटसर्प झाला. पाच दिवस. चौथ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. रोझाल्का आवाज न करता ओठ हलवून काहीतरी मागत होती. मी कान लावला. "लाल," म्हणत होती. मी कपड्यांची पेटी उघडली, माळ काढली, तिच्या हातात दिली, आणि म्हटलं, "ही तुझीच. कुणी घेणार नाही. झोप आता."

ती झोपली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेली. सासूबाई आणि विक्टा उठायच्या आत मी पांघरुणाखालची तिची मूठ सोडवून माळ काढून घेतली.

मी रोज पहाटे जपमाळ करते. बुधवार, शुक्रवार, शनिवार कोरड्या पावावर असते. दिलेला शब्द फिरवायचा नाही, हे मला आईनं शिकवलं, आणि तीन वर्षांच्या मुलीला दिला म्हणून शब्द लहान होत नाही असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. पण ज्या वस्तूचा शब्द दिला ती माझी नव्हती, हे मी मनात बाजूला सारलं. विक्टानं मुलीला अंघोळ घातली, कपडे केले, शवपेटीत ठेवलं. नंतर जरा वेळ खोलीत कुणी नव्हतं. तेव्हा मी पोवळी तिच्या हाताखाली चादरीत सरकवली.

पुरायला नेलं त्या दिवशी अर्धा पाऊस, अर्धा बर्फ पडत होता. रोझाल्काचा धर्मपिता ब्लाझेय, गावचा लोहार, त्यानं पेटी बगलेत धरली होती. झाकण दोरीनं बांधलं होतं, खिळे कबरीपाशी ठोकायचे होते. गावाच्या वेशीवर क्रूस आहे. तिथे पेटी खाली ठेवतात आणि जाणारा माणूस गावाचा निरोप घेतो. ब्लाझेयनं ती ठेवली आणि मला दिसलं, झाकणाखालून बोटभर लाल बाहेर आलं होतं. मी चुंबन घ्यायला वाकल्यासारखी वाकले आणि ते आत सारलं. कुणी पाहिलं नाही, असं मला वाटलं. रस्त्यापलीकडे वठलेल्या झाडाखाली सेव्हेरिन गुडघ्यावर पाटी ठेवून बसला होता. पण तो कुठेही बसलेला असायचाच.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी कपड्यांची पेटी आवरायला काढली. माळ नव्हती.

"सालुशा, पोवळी कुठेत?"

"पेटीत नाहीत, आई."

"ते मलाही दिसतंय. कधी घातली होतीस शेवटची?"

"ती आजारी पडायच्या आधीच्या रविवारी."

दोन्ही उत्तरं खरी होती. मी नेहमी खरंच बोलते, असं तेव्हा मला माझ्याबद्दल वाटायचं.

सासूबाईंनी विक्टाला हाक मारली. "या पेटीपाशी तीनच माणसं जातात. एक मी. एक ही, जिनं लेकरू पुरलंय. तिसरी कोण, तूच सांग."

"तिसरा उंदीर," विक्टा म्हणाली.

"दात काढू नकोस."

"काढायला उरलेत कुठे? चार आहेत, ते पावासाठी ठेवलेत." मग तिनं सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि थट्टा थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पीठ मळत होते. मी पिठाकडेच पाहत राहिले. मनगटापर्यंत हात बुडवून मळत राहिले.

विक्टाचं गाठोडं बांधायला वेळ लागला नाही. एक शाल, एक लाकडी चमचा, संत आन्नाचं चित्र. उंबऱ्यावर ती थांबली. आता शिव्या देईल, आता शाप देईल, असं मला वाटलं.

"गाईच्या उजव्या बाजूनं धारेला बस," ती म्हणाली. "डावीकडचा सड दुखतोय तिचा. नाहीतर लाथ खाशील."

ती झावादा गावी भावाकडे गेली. दीड तासाची वाट. पण बातमी तिच्याआधी पोचली. तिला कुणी सूत कातायला बोलवेना, कपडे धुवायला बोलवेना. भावजय तिला गोठ्यात झोपवते असं कानावर आलं. आगमनकाळ सुरू झाला, नाताळच्या तयारीचे उपासाचे आठवडे. नाताळच्या आधी सगळं गाव पापनिवेदनाला जातं, मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली की बाहेर पडले. असं दोनदा झालं. फादरांना सांगितलं तर ते सासूबाईंना सांग म्हणणार, आणि सासूबाईंना सांगितलं तर त्या कबर उकरायला लावतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या पोवळ्यांत दोन गाई आल्या असत्या. एकीकडे माझी मुलगी मातीत निवांत होती. दुसरीकडे विक्टा गोठ्यात होती. मी रोज जपमाळ करत होते आणि रोज मधला एक मणी कुठला हे विसरत होते.

नाताळच्या आधीच्या शनिवारी सेव्हेरिननं निरोप धाडला. चित्रासाठी तुझे हात हवेत, तासभर येऊन बस.

गिरणीच्या माळ्यावर पिठाचा आणि जवसाच्या तेलाचा वास मिसळलेला असायचा. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून तो चित्रापुढे उभा होता. पूर्वीपेक्षा वाळला होता.

"ये. तुझे हात मला जमेनात. लाकडाचे झालेत."

मी चित्र पाहिलं. वेशीवरचा क्रूस, चिखल, खालच्या कडेला बर्फ साचल्यासारखं आभाळ, मेंढीच्या कातड्याचे अंगरखे घातलेली आमची माणसं, पाठमोरी, अर्धवट, जशी गारठ्यात उभी राहतात तशी. मधे पेटी. पेटीवर वाकलेली मी. आणि सगळ्या करड्या-तपकिरी रंगात झाकणाखाली एक लाल रेघ, नखाएवढी. दुसरं काही आधी दिसतच नव्हतं.

"चितारीदादा, हे लाल काय?"

"ते तू सांग. त्या दिवशी वाऱ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी होतं. काहीतरी लाल दिसलं, एवढंच. फीत असेल म्हणून काढली."

"पुसून टाका ना."

"का?"

"बरं दिसत नाही."

"सगळ्या चित्रात तेवढंच बरं दिसतं." तो हसला, मग खोकला, मग भिंतीला टेकून श्वास जमवत राहिला. "तीन फटकारे आहेत, सालुशा. आणखी तीन फटकाऱ्यांत जातील. माझा नियम तुला माहीत आहे. नव्हतं म्हण. आत्ता पुसतो."

एक शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली, आणि तिथेच राहिली. तोवर मी एकही खोटा शब्द बोलले नव्हते. सासूबाईंनी विचारलं तेव्हा नाही, शेजारणी हळहळल्या तेव्हा नाही. फक्त गप्प राहिले होते, आणि गप्प राहण्यालाच मी खरेपणा समजत होते. या माणसानं मला गप्प राहायला जागाच ठेवली नाही.

"होतं," मी म्हटलं. "फीत नव्हती. पोवळी होती."

त्यानं कुंचला खाली ठेवला. विक्टाची गोष्ट गिरणीतही आली होतीच. दळायला येणारे सगळं सांगतात.

"कुनेगुंदामावशींची?"

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं.

"उद्या सगळे येतील," शेवटी तो म्हणाला. "मावशी पण. मी फीत म्हणणार नाही आणि पोवळीही म्हणणार नाही. मला लाल दिसलं, मी लाल काढलं. पुढचं तुझं."

"मुलीला शब्द दिलाय."

"माळ मुलीकडेच आहे की."

"आई कबर उकरतील."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात धर असे. उजेड चाललाय." आणि मी त्याच्यासाठी तासभर हात धरून बसले, त्या दिवशी झाकणावर ठेवले होते तसे. मला त्याचा राग आला. चितारी लोकांना उजेडाचीच काळजी. पण तो हात रंगवत होता तेव्हा त्याचे ओठ हलत होते, आणि तो काय पुटपुटतोय ते मला उशिरा कळलं. तो मृतांसाठीची प्रार्थना म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर पंधरा-वीस माणसं. बुटांचा बर्फ वितळून फळ्यांवर पाणी झालेलं. सेव्हेरिन कुंचला घेऊन उभा. मग ब्लाझेय घसा खाकरून पुढे झाला.

"माझी टोपी," तो म्हणाला.

"काय झालं टोपीला?"

"डोक्यावर आहे. क्रुसापुढे मी टोपी घालून उभा असेन का? फादर काय म्हणतील?"

"होती की नव्हती?"

"घालत नसतो मी."

"ते नाही विचारलं, ब्लाझेयकाका. त्या दिवशी होती की नव्हती?"

ब्लाझेय लाल झाला. "होती. टाळूवर फोड आला होता. बर्फाचं पाणी झोंबायचं."

माणसं हसली. "फोडही काढ रे," कुणीतरी मागून म्हणालं. एका बाईनं आपलं नाक एवढं नसल्याचं सांगितलं, तिच्या नवऱ्यानं ते एवढंच असल्याचं सांगितलं. हवा सैल झाली. मला वाटलं, निघेल वेळ.

सासूबाई सगळ्यात शेवटी पुढे आल्या. त्यांना लांबचं नीट दिसायचं नाही, म्हणून त्या जवळ गेल्या.

"आणि हे लाल काय? मी पेटीला पांढरी फीत दिली होती."

सेव्हेरिन चिंधीनं कुंचला पुसत होता. "तिथे जे होते त्यांना विचारा, मावशी."

"लाल लावली असेल कुणीतरी," ब्लाझेय म्हणाला. टोपीच्या थट्टेतून सुटायला त्याला दुसरा विषय हवाच होता, आणि माणूसही मायाळू. "पोरीला लाल आवडायचं. होय ना गं, सालुशा? फीतच असेल."

मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. बोलायचीही गरज नव्हती. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात संशय नव्हता, नुसती कीव होती. त्या कीवेतून मी घरी जाऊ शकले असते.

"फीत नव्हती, आई. पोवळी होती."

"काय म्हणाली?" ब्लाझेयनं विचारलं. तो घणाच्या आवाजानं अर्धा बहिरा झालेला. माझा आवाज तसाही हळू. मला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

"पोवळी होती. मी ठेवली तिच्या हाताखाली. विक्टानं काही घेतलं नाही."

सेव्हेरिन चित्राकडे वळला. सगळ्यात बारीक कुंचला घेतला. "पोवळी असतील तर गोल हवीत," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, आणि त्या लाल रेघेवर त्यानं तीन ठिकाणी काळपट आणि तीन ठिकाणी फिकट टिंब ठेवलं. रेघेचे मणी झाले.

सासूबाई नाक रंगाला लागेल इतक्या जवळ वाकल्या.

"तीन पदर होते," त्या म्हणाल्या. "यानं एकच काढलाय."

"एकच बाहेर आला होता."

"हं."

त्यांनी अंगरख्याची बटणं लावली आणि जिना उतरल्या. मी मागोमाग गेले. त्या दिवशी त्या फक्त गाईशी बोलल्या.

सोमवारी सकाळी मी गोठ्यातून आले तर सासूबाई घरात नव्हत्या. भिंतीला टेकून ठेवलेलं फावडंही नव्हतं. मी शाल न घेता पळाले. वेशीवरचा क्रूस ओलांडताना क्रुसाची खूण करायचंही मला सुचलं नाही, आणि ते माझ्या हातून आयुष्यात तेवढं एकदाच चुकलंय.

सासूबाई स्मशानात होत्या. फाटकापासून रोझाल्काच्या कबरीपर्यंत हातभर रुंद वाट त्यांनी बर्फातून साफ केली होती आणि आता फावड्याला टेकून धापा टाकत होत्या. कबरीवरच्या बर्फाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"इकडे तू येत नाहीस वाटतं," त्या म्हणाल्या. "वाट बुजली होती."

ते खरं होतं. पुरल्यापासून मी तिथे गेले नव्हते. उभं राहवलं नसतं.

"घट्ट धरली होती का?" त्यांनी विचारलं.

"गेली तेव्हा मूठ उघडत नव्हती, आई."

त्यांनी कबरीकडे पाहिलं. "आमच्या घराण्यात तसंच आहे. हातात आलेलं सुटत नाही." मग नाक पुसून म्हणाल्या, "मला विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं. चांगलं दोन दिवस म्हटलं असतं." त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. "उद्या विक्टाला आणायला तू जाशील. मी येत नाही. माझे गुडघे..." त्या थांबल्या. "गुडघ्यांना काही झालेलं नाही. मला लाज वाटते."

सेव्हेरिनचं इथेच सांगून टाकते, कारण पुढे तो या गोष्टीत येत नाही. चित्र क्राकुवला गेलं. लग्नाच्या चित्रांसारखं ते विकलं गेलं नाही. वसंतात, नद्यांवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात, तो गेला. छातीवर पाटी ठेवून अंथरुणातूनही काढायचा म्हणे, खिडकीतून दिसणारं पन्हाळीचं पाणी. बऱ्याच वर्षांनी आमचे नवे फादर क्राकुवला जाऊन आले. तिथल्या एका मोठ्या दालनात त्यांनी ते चित्र पाहिलं. सांगत होते, एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होता: एवढ्या करड्यात चितारीनं नुसत्या रंगाच्या सौंदर्यासाठी तो लाल ठिपका कसा घातलाय बघ. त्या गृहस्थाला कुणी विचारलं नव्हतं, होतं की नव्हतं.

त्या मंगळवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, मी दुपारी झावाद्याला निघाले. फादरांकडून आलेली पिठाची पांढरी पापडी फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती. संध्याकाळी पहिला तारा दिसला की आमच्याकडे घरातली सगळी माणसं ती एकमेकांच्या हातातून मोडून खातात, आणि मनात काही ठेवून ती मोडता येत नाही.

विक्टा गोठ्यातच होती. गवताच्या पेंढीवर बसून दुसऱ्याच्या गाईचं शेण खरवडत होती. मला पाहून उठली नाही.

"कोण, सालुशा? एवढ्या बर्फात? गाय मेली की काय?"

"मी सांगितलं सगळं. गिरणीच्या माळ्यावर, सगळ्यांसमोर."

"कळलं. रविवारी संध्याकाळीच कळलं. ब्लाझेयला म्हणे दोनदा सांगावं लागलं." ती हसली, चार दात दाखवून. "बहिऱ्याला सांगितलं म्हणजे देवाला सांगितल्यासारखंच. तोही लवकर ऐकत नाही."

"विक्टाकाकू, माझ्यामुळे तुम्ही..."

"थांब. मला काय सांगतेस? पोरीला अंघोळ मी घातली. टोपडं मी बांधलं. झाकण लावायच्या आधी मी पुन्हा आत आले होते. लेकराच्या अंगाखाली काही टोचत नाही ना, हे चाचपल्याशिवाय मी तिला निजवेन का?"

गाईनं डोकं वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं? मग आई बोलत होत्या तेव्हा..."

"तेव्हा बोलले असते तर म्हातारीनं त्याच दिवशी कुदळ उचलली असती. कबरीची माती ओली होती, सुकायची होती. आता जमीन दगडासारखी झालीय. तिचा रागही जरा गोठला असेल."

"आणि मी कधी बोललेच नसते तर?"

"तर लाथा खात राहिली असतीस. मी गाईच्या म्हणतेय."

मी फडकं उघडलं आणि पापडी पुढे केली. विक्टानं आपला हात झग्याला पुसला, दोनदा पुसला, आणि कोपरा मोडून घेतला. तोंडात घातला. मी दुसरा कोपरा मोडला. काही वेळ आम्ही दोघी चघळत होतो, तिथे शेणाच्या वासात, आणि पापडीला कधी नव्हे एवढी चव होती.

"मी माफ केलंय," ती म्हणाली. "पापडी मोडली, म्हणजे केलंच. पण एक सांगते, आणि पुन्हा कधी काढणार नाही. बोलायचं नव्हतं तर नको बोलूस. पण त्या दिवशी एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस, सालुशा. पीठच मळत राहिलीस."

तेव्हापासून रोज पहाटे जपमाळ संपली की मी क्षणभर डोळे उघडे ठेवून बसते, समोर कुणी असेल तर त्याच्याकडे बघते. नवस म्हणायचा तर तो एवढाच, आणि तो मी कुणाला सांगितलेला नाही.

विक्टानं गाठोडं घेतलं. शाल, चमचा, संत आन्ना. भावजय दारात आली आणि वाटेतून बाजूला झाली. आम्ही ओल्शांकाला पोचलो तेव्हा आभाळ निवळलं होतं आणि ओढ्यावर पहिला तारा आला होता. घरात टेबलावर पांढऱ्या कापडाखाली येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून गवत पसरलेलं, बीटचं सार, अळंब्या, कोबी-वाटाणे. अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी आमच्याकडे दर नाताळला एक ताटली जास्तीची मांडतात. त्या दिवशी सासूबाईंनी ती मांडली होती, आणि तिच्याशिवाय आणखी एक, विक्टाच्या नेहमीच्या जागी, चुलीकडे तोंड करून.

विक्टा बसली. आपला लाकडी चमचा काढून ताटलीशेजारी ठेवला. सासूबाई सार वाढत होत्या. त्यांचा हात विक्टाच्या ताटलीपाशी जरा जास्त वेळ थांबला, सार काठोकाठ आलं.

"गाय कशी आहे?" विक्टानं विचारलं.

"लाथा मारते," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना."